पाठ ताठ, गुडघा सरळ

मुलं जरा मोठी झाली की त्यांना आपणच घरी योगासनं शिकवायची, हे मी थोरली पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. मी लग्नाआधीपासून पुण्यात योगवर्गाला जाते. मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला, काही काळ सोसायटीतल्या बायकांचा वर्गही घेतला. घरात शिकवणारी आहे, हॉलमध्ये जागा आहे, पोरांची अंगं लवचीक आहेत, मग अडचण कसली येणार, असं मला वाटायचं. थोरली सहा वर्षांची आणि धाकटा जेमतेम चारचा असताना मी सुरुवात केली. त्यानंतर मी काय काय चुकले ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण आता ओळखीतले बरेच आईबाप 'मुलांना योग शिकवायचाय, कुठून सुरुवात करू?' म्हणून विचारायला येतात आणि त्यांच्या बोलण्यात मला माझीच तेव्हाची वाक्यं ऐकू येतात.

सुरुवात चुकली ती वेळेपासून. आसनं रिकाम्या पोटी आणि शक्यतो सकाळी करायची, हे डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून शाळेची बस यायच्या आधी दोघांना उठवून मी चटईवर उभं करायचे. मोठ्या माणसाला सकाळचं रिकामं पोट हलकं वाटतं. चार वर्षांच्या मुलाला भूक लागलेली असते. रात्रभराच्या उपासानंतर त्याच्या अंगात साखरेचा साठा आपल्यापेक्षा लवकर संपतो, तो चिडचिडा होतो, हे मला कोणत्याही आईप्रमाणे माहीत असायला हवं होतं. धाकटा ताडासनात उभा राहायचा आणि हात वर नेता नेता त्याला रडू फुटायचं. मला वाटायचं, याला शिस्त नाही. त्याला अर्धं केळं दिलं असतं तर भागलं असतं. पण पुस्तकातला नियम मी घरातल्या मुलापेक्षा मोठा मानला.

चटईचंही तसंच. माझी चटई चांगल्यातली, पकड असलेली. मुलांना मी घरातली जुनी प्लॅस्टिकची चटई फरशीवर अंथरून दिली. अधोमुख श्वानासनात धाकट्याचे हात पुढे सरकले आणि त्याची हनुवटी फरशीवर आपटली. ओठ फुटला. त्यानंतर लहान मुलांना सरळ अनवाणी फरशीवर नाहीतर घट्ट बसणाऱ्या जाजमावर उभं करायचं, एवढं शिकले.

पण या दोन्ही गोष्टी दुरुस्त करायला सोप्या होत्या. माझी नजर दुरुस्त करणं अवघड गेलं.

प्रशिक्षणात आसन डोळ्यांनी तपासायला शिकवतात. खांदा कुठे चढला, टाच कुठे उचलली, कंबर कुठे खचली, हे एका दृष्टिक्षेपात दिसायला लागतं. मोठ्यांच्या वर्गात त्याचा उपयोग होतो, कारण मोठा माणूस स्वतःहून शिकायला आलेला असतो. मी ती नजर तशीच्या तशी मुलांवर लावली. 'पाठ ताठ ठेव. गुडघा सरळ. हात कानाला. इकडे बघ.' दहा मिनिटांत माझ्या तोंडून याखेरीज दुसरं काही निघत नसे.

आमच्या हॉलमधल्या कपाटाला मोठा आरसा आहे. वृक्षासनात थोरली एका पायावर उभी राहायची, दुसऱ्या पायाचा तळवा मांडीला लावायची आणि हात जोडून वर न्यायची. सुरुवातीला तिची नजर खिडकीबाहेरच्या शेवग्यावर असायची. काही आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की ती आरशात बघते आहे, आणि स्वतःकडे नाही, आरशातून माझ्या चेहऱ्याकडे. माझी भुवई जरा हलली की तिचा पाय घसरायचा. पुढे पुढे तर आसन घ्यायच्या आधीच ती विचारायला लागली, 'आई, असं बरोबर आहे ना?' तोल सांभाळायला नजर एका जागी स्थिर ठेवावी लागते, हे मीच तिला सांगितलं होतं. ती स्थिर करायला माझ्या चेहऱ्याशिवाय जागा मात्र मी तिला ठेवली नव्हती.

पतंजलींनी आसनाबद्दल फार थोडं सांगितलं आहे, पण जे सांगितलं त्यात स्थिरतेच्या बरोबरीने सुख आहे. परीक्षेत त्या सूत्रावर मी पानभर उत्तर लिहिलं होतं. घरी त्यातला सुखाचा अर्धा भाग मी सोडून दिला, आणि स्थिरतेचा अर्थ 'न हलणं' एवढाच घेतला.

याच काळात मी तिच्या लवचीकपणाचं फार कौतुक केलं. पश्चिमोत्तानासनात तिचं कपाळ सहज गुडघ्याला टेकायचं. मी पाहुण्यांसमोर करून दाखवायला सांगायचे. त्रिकोणासनात तिचा गुडघा इतका 'सरळ' व्हायचा की तो मागच्या बाजूला झुकलेला असायचा, आणि मला ते छान दिसायचं. आमच्या वर्गाच्या ताईंनी एकदा घरी आल्यावर ते पाहिलं आणि तिला लगेच गुडघा किंचित सैल सोडायला सांगितलं. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "अगं, मुलं वाकतातच. त्यांचे सांधे सैल असतात, त्यांना वाकायला शिकवावं लागत नाही. त्यांना ताकद कमी पडते, सांधा सांभाळून धरायची. तू उलटंच करते आहेस." लहान मुलांना ताण देण्यापेक्षा उड्या, रांगणं, हातांवर भार घेणं, लोंबकळणं जास्त हवं असतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी मान हलवली. पटायला मात्र वेळ लागला.

त्यात मी फ्रिजवर तक्ता लावला. ज्याचं आसन नीट होईल त्याला चांदणी. धाकट्याला वयामुळेच जमत नसे, त्यामुळे चांदण्या थोरलीच्याच वाढत गेल्या. महिन्याभरात धाकट्याने चटईकडे यायचंच सोडलं आणि थोरलीला चांदणी नसेल त्या दिवशी आसनं नकोशी झाली. योगासनांची स्पर्धा ही वेगळी वाट आहे. 2020 मध्ये केंद्र सरकारने योगासनाला स्पर्धात्मक खेळाची मान्यता दिली, आणि त्या वाटेने जाणाऱ्या मुलांमागे जाणकार प्रशिक्षक आणि खूप वर्षांची तयारी असते. मी ती तयारी काहीच न करता भावंडांमध्ये स्पर्धा तेवढी लावून दिली.

आता शीर्षासनाबद्दल. हे लिहायला मला सर्वांत जड जातं.

संयुक्त राष्ट्रांनी 2014 च्या डिसेंबरात 21 जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून जाहीर केला आणि पुढच्या वर्षापासून शाळा, मैदानं, सोसायट्या सगळीकडे त्या दिवशी कार्यक्रम व्हायला लागले. आमच्या सोसायटीतही होतो. एका वर्षी मुलांचं प्रात्यक्षिक ठेवायचं ठरलं आणि ते बसवायचं काम माझ्याकडे आलं. थोरली तेव्हा सात वर्षांची. बाकीच्या मुलांना मी साधी आसनं दिली. तिला मात्र भिंतीशी शीर्षासन शिकवलं. लहान मुलांना शीर्षासन देऊ नये, हे मला माहीत नव्हतं असं नाही. प्रशिक्षणाच्या वहीत ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मुलाचं डोकं त्याच्या शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, मान बारीक, मानेचे स्नायू कोवळे, मणके अजून पक्के व्हायचे असतात. शीर्षासनात भार दंडांवर आणि खांद्यांवर घ्यायचा असतो, पण तो डोक्यावर किती पडतोय हे सात वर्षांच्या मुलीला कळत नाही आणि बाहेरून आपल्याला दिसत नाही. हे सगळं ठाऊक असून मी केलं. माझी मुलगी उलटी उभी राहिली की सगळे बघतील, एवढंच कारण होतं. दुसरं कुठलंही कारण मी आजवर शोधून काढू शकलेले नाही.

प्रात्यक्षिक झालं, टाळ्या पडल्या. मी काढलेला व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला, नागपूरच्या मावशीपासून अमेरिकेतल्या दिरांपर्यंत सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली दप्तर भरताना मला विचित्र दिसली. खालची वही घ्यायला ती मान वळवत नव्हती, अख्खी वळत होती. हात लावला तर कळवळली. बालरोगतज्ज्ञांनी नीट तपासलं, मानेचे स्नायू दुखावले आहेत, बाकी काही इजा दिसत नाही, आठवडाभर विश्रांती द्या, असं सांगितलं. घरी येताना रिक्षात मी तिला विचारलं, कधीपासून दुखत होतं? ती म्हणाली, सराव करत होतो तेव्हापासूनच. मग सांगितलं का नाहीस? "तू व्हिडिओ काढत होतीस ना."

मान आठवड्यात बरी झाली. पण आईला दुखणं सांगायचं नाही असं सात वर्षांच्या मुलीला का वाटलं, या प्रश्नाशी मी बरेच दिवस थांबले. दुखलं की लगेच थांबायचं आणि सांगायचं, ही योगाभ्यासातली अगदी पहिली गोष्ट. ती शिकायच्या आत मी तिला सहन करायला शिकवलं होतं.

धाकट्याच्या बाबतीत चूक श्वासाची झाली. अनुलोम-विलोम मी त्याला माझ्या मोजणीवर करायला बसवला, चार अंकांत श्वास आत, मग थोडा रोखून, आठात बाहेर. त्याच्या वयाचं मूल स्वस्थ बसलेलं असतानासुद्धा मिनिटाला वीस ते तीस वेळा श्वास घेतं. मोठ्या माणसाचे श्वास साधारण बारा ते वीस. म्हणजे त्याच्या छातीला मी माझा वेग लावला. वर त्याला कायम सर्दी, एक नाकपुडी चोंदलेली. तो इमानदारीत नाक घट्ट दाबून बसायचा, लाल व्हायचा आणि मग एकदम तोंड उघडून धापा टाकायचा. मी म्हणायचे, "तोंड बंद." एका संध्याकाळी तो 'आई, गोल गोल फिरतंय' म्हणून माझ्या अंगावरच कलंडला, तेव्हा मी थांबले. आपल्याकडे परंपरेने मुंज आठव्या वर्षी, आणि संध्येतला प्राणायाम त्यानंतर. त्या वयामागे कितीतरी पिढ्यांचं पाहणं असणार, असं मला आता वाटतं. आज मी लहान मुलांना श्वास मोजायला लावत नाही, रोखायला तर मुळीच नाही, आणि कपालभाती, भस्त्रिका यांच्या वाटेलाही जात नाही. भ्रामरी मात्र मुलांना मनापासून आवडते. भुंग्यासारखा आवाज काढायचा, कानावर हात ठेवून तो आत कसा घुमतो ते ऐकायचं. आवाज लांबवला की बाहेर जाणारा श्वास आपोआप लांबतो, कोणी सांगावं लागत नाही. टेबलावर कापसाचा बोळा ठेवून फुंकरीने पलीकडे न्यायचा, हाही आमच्याकडचा लाडका खेळ आहे. नाक चोंदलेलं असेल त्या दिवशी तेही नाही.

आणि शवासन. हे मी शिक्षा म्हणून वापरलं. तसं कधी म्हटलं नाही, पण वापरलं. पाहुणे आले आणि मुलं दंगा करायला लागली, मला ऑफिसचा फोन आला, किंवा नुसता माझा जीव थकलेला असला की, 'जा दोघं, शवासनात पडा, आवाज नको.' त्यांना दहा मिनिटं गप्प ठेवण्यासाठी मी माझ्या अभ्यासातली सर्वांत शांत गोष्ट खर्ची घातली. ताईंच्या घरी एकदा सगळी मुलं जमली होती, खेळ झाल्यावर ताईंनी सगळ्यांना पाच मिनिटं पडायला सांगितलं. बाकीची मुलं पडली. माझी मुलगी उभीच राहिली आणि म्हणाली, "मी काय केलं?" खोलीत फक्त मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला.

त्यानंतर मी मुलांना शिकवणं पूर्ण बंद केलं. तक्ता काढला, त्यांची चटई गुंडाळून माळ्यावर टाकली. थोरली चांदण्यांसाठी थोडी रडली, धाकट्याने काहीच विचारलं नाही.

त्या काळात संध्याकाळी सासूबाईंकडे माझं लक्ष जायला लागलं. दिवेलागणीला त्या देवापाशी निरांजन लावतात आणि शुभंकरोती म्हणतात. दोन्ही मुलं त्यांच्याजवळ जाऊन बसतात, शुभंकरोती, मग पाढे, मग एखादा श्लोक. माझ्यासमोर सुखासनात मिनिटभर न टिकणारा धाकटा तिथे मांडी घालून चांगला पाच-सात मिनिटं बसायचा, पाठही बऱ्यापैकी सरळ. सासूबाई त्यांच्याकडे बघतसुद्धा नसत. त्या स्वतः म्हणत असत, मुलं सोबत म्हणत. एखादा दिवस मुलं आली नाहीत तरी त्यांचं शुभंकरोती चुकत नसे. हे पाहताना मला स्वतःबद्दल एक गोष्ट उमगली, जी आधीच दिसायला हवी होती. मुलांना शिकवायला लागल्यापासून माझा स्वतःचा सराव बंद पडला होता. सकाळची वेळ मुलांच्या आसनांत जायची, संध्याकाळ त्यांच्या श्वासांत. कित्येक महिने मी चटईवर नुसती उभी होते, दुसऱ्यांना बघत.

माझं माहेर साताऱ्याकडचं, त्यामुळे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे सूर्यनमस्कार यांच्या गोष्टी लहानपणापासून कानावर होत्या. संस्थानातल्या शाळांमधून त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तकं लिहिली, त्याचा देशाबाहेरही प्रसार झाला. पण गावाकडची जुनी माणसं सांगताना आधी हेच सांगत की राजा स्वतः रोज घालायचा. हे मी असंख्य वेळा ऐकलं होतं. त्याचा माझ्या हॉलशी काही संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं.

मी पुन्हा माझ्यासाठी सराव सुरू केला, संध्याकाळी, मुलं खाली खेळून यायच्या सुमाराला. त्यांना बोलावलं नाही. पहिले काही दिवस ती आपापल्या नादात होती. मग एकदा मी अधोमुख श्वानासनात असताना धाकटा माझ्या हातापायांमधून रांगत पलीकडे गेला. वळून परत आला. त्याला तो बोगदा वाटला. मी आसन सोडलं नाही, थोडी जास्त वेळ थांबले. मग थोरली आली, तिने माझ्या शेजारी तेच आसन घेतलं आणि दोन बोगदे झाले. तिची टाच वर होती, पाठ गोल होती. 'टाच' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला, तो मी तसाच गिळला. त्या वेळी मला तो गिळणं शीर्षासनापेक्षा कठीण वाटलं, हे खरं सांगते.

तेव्हापासून आमचं जे चालतं त्याला वर्ग म्हणता येणार नाही. मी माझं करते, मुलं येतात-जातात, कधी दहा-पंधरा मिनिटं रमतात, कधी फिरकत नाहीत. घेरंडसंहितेत बत्तीस आसनं सांगितली आहेत, त्यांतली कितीतरी प्राण्यांच्या नावांची आहेत: मंडूक, कूर्म, मयूर, कुक्कुट, उष्ट्र, शलभ, भुजंग, मकर, सिंह. धाकट्याने ती नावं पाठ केली आणि आपल्या पद्धतीने वापरायला घेतली. त्याचा मंडूक उड्या मारतो, भुजंग फूत्कार टाकत सोफ्याखाली जातो, सिंहासनात जीभ बाहेर काढून तो आजीला घाबरवतो. एका आसनातून दुसऱ्यात तो भराभर जातो, थांबत नाही. अय्यंगार पद्धतीच्या बालवर्गांतही मुलांकडून आसनं अशीच झपझप, उड्या मारत करून घेतात, लांब थांबवत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. पाहूनही घरी मी त्यांना तीस अंक थांबवत होते. सूर्यनमस्कार मुलांना जास्त भावतात ते बहुधा यामुळेच, सतत हालचाल असते. मित्र, रवि, सूर्य, भानु, खग अशी नावं घेत थोरली ते घालते. मध्येच एखादं नाव विसरली तर धाकटा ओरडून सांगतो.

हाताने ढकलून मी आता कोणाचंही आसन पुढे नेत नाही. काही सांगायचंच असेल तर प्रश्न विचारते. कुठे ताण येतोय? कुठला पाय जास्त दमला? सुरुवातीला थोरली 'कुठेच नाही' म्हणायची, माझ्या चेहऱ्याकडे बघून. हल्ली हात लावून जागा दाखवते, कधी कधी 'आज नको' म्हणून सरळ उठते. ती उठली की मला बरं वाटतं. शीर्षासन मी मुलं शाळेत असतानाच करते. धाकट्याने एकदा माझं बघून सोफ्यावर डोकं टेकवलं होतं, तेवढं मला पुरलं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. थोरली माझ्याजवळ शवासनात पडत नाही. मीही म्हणत नाही. ती पोटावर मकरासनात पडते, हातांवर कपाळ ठेवून, मी जवळ पाठीवर पडलेली असते. यात तिचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

आता ती दहा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात स्वतःहून म्हणाली, मला ताईंच्या बालवर्गाला जायचंय. मी लगेच हो म्हटलं. तेव्हा तिने अट घातली, तू आत येऊन बसायचं नाहीस. मी दाराशीही थांबणार नाही असं तिला सांगितलं आहे. शनिवारी तिला सोडून मी कोपऱ्यावरच्या मंडईत भाजी घ्यायला जाणार आहे, तास संपला की फाटकाबाहेर उभी राहीन.